कमूवन्संचं गोठ्यातलं लुगडं

फणसवाडी, मुंबई, सोमवार, दिवेलागण

आज धाकट्या नणंदेचं, कमूवन्संचं पत्र आलं. खुशाली नाही, काही नाही. "वहिनी, माझं गोठ्यातलं लुगडं चुकून तुमच्या ट्रंकेत गेलंय. ते नेसल्याशिवाय म्हशी पान्हा सोडत नाहीत. ताबडतोब पाठवा."

चुकून! मी स्वतः घडी घालून तळाशी ठेवलं होतं.

सुट्टीत आठ दिवस गोठ्यावर विसाव्याला या, धारोष्ण दूध प्या, म्हणून त्यांनीच बोलावलं. दुसऱ्याच दिवशी ते शेणकट लुगडं हातात दिलं. "परक्या वासाला म्हशी लाथ मारतात, हे नेसून बसा." मग रोज दोन्ही वेळच्या धारा मी काढल्या. बोटं सुजली. आणि वन्सं? माझी नवी इरकल नेसून गावातली लग्नं जेवत होत्या. निघताना ती परत दिली. पदरावर आमटीचा हा एवढा डाग, साधी धुतलीही नव्हती. वर हसून म्हणाल्या, "तुम्हा मुंबईकरणींना काय हो, धोबी दारात!"

तो डाग अजून जात नाही.

हे संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघाले, तेव्हा दारातून बजावून गेले, "उद्याच्या उद्या लुगडं पाठव. कमूची अडचण होतेय."

पाठवणार तर. फाडून पायपुसणी करावी, असंही मनात आलं होतं. पण छे, मी काही वन्सं नव्हे. दुसऱ्याची वस्तू स्वच्छ करूनच परत द्यावी, असं आईनं शिकवलंय. आत्ताच शेगडीवर सोड्याच्या पाण्यात उकळायला टाकलंय. सकाळी पुन्हा उकळीन, नीळ घालीन, गच्चीवर कडकडीत वाळवीन. गोठ्याचा वास औषधालासुद्धा उरणार नाही.