पिण्यायोग्य, सही माझी

४ फेब्रुवारी, बुधवार

माशांच्या दुकानातल्या टँकवाल्याशी भांडण. म्हणजे भांडलो मी, तो आपला मीठ मोजत होता.

त्याचं म्हणणं, घरच्या प्रवाळाच्या टाकीत नळाचं पाणी घालायचं नाही. फिल्टर घ्यायचा, पाणी त्यातून काढायचं, मीटरवर शून्य आलं की मग समुद्राचं मीठ मिसळायचं. शून्य म्हणजे पाण्यात पाण्याशिवाय काहीही नको! मी विचारलं, मी कोण आहे माहीत आहे का? नव्हतं माहीत. सांगितलं — या शहराच्या पाण्याच्या अहवालावर रोज सकाळी 'पिण्यायोग्य' म्हणून सही होते, ती माझी. बावीस वर्षं. तर म्हणतो, "माणसांना चालतं हो साहेब. प्रवाळ नाजूक."

म्हणजे माणसं काय दगडाची? फिल्टर घेतला नाही. मीठ घेतलं. एक तपासणीचा किट मात्र त्याने गळ्यात मारलाच.

७ फेब्रुवारी, शनिवार

माझी पद्धत साधी. दोन ड्रम, झाकण उघडं, आत हवेचा पंप, चोवीस तास. क्लोरीन उडून जातो. तो किती घातलाय हे मला तोंडपाठ, मीच घालतो. मग फिल्टर हवा कशाला?

बायको : "एक ड्रम बाथरूममध्ये, एक बाल्कनीत. माणसांनी अंघोळ करायची कुठे ते तेवढं सांगा."

काचेवर तपकिरी शेवाळ. पुसलं.

८ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा शेवाळ. पुन्हा पुसलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची टेलर जिन्यात भेटली. बाळ दहा आठवड्यांचं. तिला दूध पुरत नाही म्हणून डब्याची पावडर चालू केली आहे. म्हणाली, "काका, तुम्ही पाणी खात्यातले ना? बाळाच्या दुधाला नळाचं चालेल का? सगळे म्हणतात विकतचं आणा."

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला कुणी हे विचारलंच नव्हतं. लोक विचारतात ते पाणी येणार कधी. मी म्हटलं, "बिनधास्त वापर. रोज सही माझी असते." ती म्हणाली, उकळूनच देते. म्हटलं, उत्तम.

जिना चढताना गुडघा दुखला नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रवाळ मिटला. हातोडीसारखी टोकं असलेला, माझा सगळ्यात लाडका. चार दिवस उघडलेला नाही. बायको म्हणते, तुमच्यासारखाच आहे, रुसलाय.

तो गळ्यात मारलेला किट काढला. नळीत टाकीचं पाणी, मग दोन बाटल्यांतले थेंब, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. नायट्रेट नसेल तर पिवळं, असेल तर लाल. आलं लालभडक.

टँकवाल्याला फोन केला. म्हणाला, "टाकीचं सोडा साहेब. टाकीत घालता ते पाणी तपासलंत का?" मी फोन ठेवला. काही माणसांना आपली पायरी कळत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासलं. केवळ त्याचं तोंड बंद करायला.

लाल. तक्त्यावर साठच्या आसपास. माणसांसाठी मर्यादा पंचेचाळीसची.

किट बिघडलेला. दुसरं काय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

विकतच्या बाटलीतलं पाणी त्याच किटमध्ये घातलं. पिवळंधमक. नळाचं पुन्हा घातलं. लाल.

किट बिघडलेला नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

किट रुमालात गुंडाळून कामावर नेला. शुद्धीकरण केंद्राच्या शेवटच्या तोटीचं पाणी, जे पुढे सगळ्या शहराला जातं. साठ.

प्रयोगशाळेत गेलो. तिथला सहायक निवृत्तीला आलाय. आम्ही त्याला अंदाजपंचे म्हणतो, तोही ओ देतो. नायट्रेटचं यंत्र बंद पडून तीन महिने झाले, हे मला माहीत होतं. ते इथे खरं खरं लिहितो : माहीत होतं. पण रोजच्या अहवालात आकडे येतच होते. सात पूर्णांक दोन. सात पूर्णांक एक. सात पूर्णांक तीन. विचारलं, हे कुठून येतात? म्हणाला, "मागच्या वर्षीचे आहेत. थोडं खालीवर करतो. रोज तोच आकडा बरा दिसत नाही ना साहेब."

आणि खाली सही माझी.

तीन महिन्यांपासून नदी आटली म्हणून आम्ही शेतांमधल्या विहिरींचं पाणी मिसळतोय. शेतात खत पडतं, खत विहिरीत उतरतं. शाळकरी पोराला कळेल. मला कळायला प्रवाळ आजारी पडावा लागला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या साहेबांकडे गेलो. "कशावर तपासलंत?" म्हटलं, किटवर. "कुठला किट?" म्हटलं, माशांचा.

साहेबांनी खुर्ची दाखवली. मग प्रेमाने म्हणाले, "हे रेकॉर्डवर कसं घेणार? लोक म्हणतील खातं माशांना विचारून चालतं. यंत्राच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवा, मी पुढे पाठवतो. विहिरी बंद केल्या तर अर्धं शहर कोरडं. तेव्हा कोण उत्तर देणार, तुम्ही की तुमचे मासे?"

चहा पाजला. प्रस्ताव पाठवला. सही केली — पिण्यायोग्य.

१८ फेब्रुवारी, बुधवार

फिल्टर घेतला. टँकवाल्याने पावती फाडली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पाणी खात्याचा माणूस घरी फिल्टर नेतो हे कुणी पाहायला नको, म्हणून चादरीत गुंडाळून आणला. नेमके लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी. "काय आणलंत?" तोंडातून निघून गेलं — पेटी. "अरे वा, शिकताय?" म्हटलं, हो, या वयात आपलं काहीतरी.

मोरीच्या नळाला जोडला. एक बादली चांगलं पाणी, चार बादल्या वाया. तीन नळकांडी, शेवटच्यात रंग बदलणारे मणी. मीटरवर शून्य आलं. इतकं स्वच्छ पाणी मी बावीस वर्षांत काढलेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

प्रवाळाचं एक टोक उघडलं. बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं. म्हणाली, "छान. माशांची सोय झाली. खालच्या बाळाचं काय?"

मी म्हटलं, ती उकळून देते.

"उकळून जातं का ते?"

बायकोशी खोटं बोलता येतं, पण तिच्या प्रश्नाशी येत नाही. उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते तिथेच राहतं, म्हणजे वाढतं. एवढ्या लहान बाळाच्या रक्ताला मग हवा धरून ठेवता येत नाही, बाळ निळं पडायला लागतं. हे मी परीक्षेत लिहून पास झालोय. आणि त्या दिवशी जिन्यात मी म्हटलं होतं, उत्तम.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सकाळी खाली गेलो. बाळाचे ओठ पाहिले, नखं पाहिली. गुलाबी. ती म्हणाली, काका, बसा ना.

सांगायलाच गेलो होतो. सांगितलं ते असं : "मी घरी पाणी गाळून, उकळून ठेवतो. रोज दोन बाटल्या आणून देत जाईन, तेच बाळाला दे. तुझा गॅस वाचेल." तिने विचारलं, नळाचंच ना? म्हटलं, नळाचंच. खोटं नाही. नळालाच जोडलाय फिल्टर.

मण्यांतून गेलेलं पाणी पिण्यासाठी नसतं, म्हणून शेवटच्या नळकांड्याच्या आधीच्या तोटीतून काढलं. किटमध्ये पिवळं. दोन बाटल्या दिल्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दोन बाटल्या.

सही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन बाटल्या. सेक्रेटरींनी विचारलं, पेटीचा आवाज कसा येत नाही? म्हटलं, अजून बोटं बसवतोय.

प्रवाळ निम्मा उघडला. मन लागत नाही टाकीत.

बायको म्हणाली, शहरात बाळ एकच आहे का? म्हटलं, मी काय घरोघर बाटल्या वाटू? "नका वाटू. तुम्ही रोज एक कागद वाटताच की." आणि कणीक मळायला गेली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बाटल्या द्यायला गेलो तर तिच्याकडे एक गिऱ्हाईक, ब्लाउजचं माप द्यायला आलेलं. गरोदर, सात-आठ महिने झालेले असावेत. मला बघून टेलर खूश. "हेच ते काका. मी सगळ्यांना सांगते — पाणी खात्यातले आहेत, स्वतः नळाचं पाणी आणून देतात बाळाला. विकतच्या पाण्यावर कशाला खर्च करायचा? माझं बाळ बघा, कसं टुणटुणीत." ती दुसरी म्हणाली, "मग मीही आता नळाचंच वापरेन. तुमची सही असते म्हणे."

विचारलं, अशा किती जणींना सांगितलंस? तिने भिंतीवर लटकलेल्या मापांच्या चिठ्ठ्या पाहिल्या. "बारा असतील. त्यात तान्ही बाळं असलेल्या चौघी."

बाटल्या ठेवल्या आणि निघालो. वर येऊन बसलो. बायकोने पाणी आणून दिलं. प्यायवलं नाही.

इतका मी पूर्वी कधीच घाबरलो नव्हतो. नोकरीला नाही. त्या चौघींना.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी कामावर जाण्याआधी खाली गेलो आणि सगळं सांगितलं. किट, साठ, विहिरी, मागच्या वर्षीचे आकडे, फिल्टर. उकळल्याने वाढतं तेही. तिने शिलाई मशीन थांबवलं. बाळाला उचलून खांद्यावर घेतलं.

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी घेऊन निघून गेलो असतो. तिने पायात चपला घातल्या. "चला," म्हणाली. "चौघींची घरं मला माहीत आहेत. मी सांगितलं ते मी परत घेईन. तुम्ही सांगितलं ते तुम्ही घ्या."

चार दारं. प्रत्येक दारात मीच बोललो. एकीच्या सासूने दार लावून घेतलं. एकीने विचारलं, मग रोज सही कशाला करत होतात?

कामावर पोचायला साडेअकरा झाले. रजिस्टर टेबलावर उघडंच होतं.

२७ फेब्रुवारी, दुपारी

'पिण्यायोग्य'चा शिक्का आहे. दुसऱ्या शब्दाचा मागितला तर भांडारपाल म्हणाला, तसा खात्यात कधी बनलेलाच नाही. हाताने लिहिलं — पिण्यास अयोग्य. खाली पूर्ण नाव. अक्षर जरा वाकडं आलं, पण वाचता येतं.