एकेचाळीस पावलांची उशी

कल्याण, ४ जाने. १८९२
१. आमच्या दवाखान्यात डाकेचा हलकारा हिरू याची छाती मोजली. फितीत दोन बोटं कमी भरली.
२. डॉक्टरसाहेबांचा शेरा : धावण्यास अयोग्य.
३. महिनाअखेर त्याने घुंगुरकाठी परत करायची. मुरबाडची डाक पुढे गणू पळत नेणार. वय वीस, छाती रुंद.
४. फीत मी धरली होती.

६ जाने.
छाती केवढी, ते फितीने कळतं. धावताना हवा किती लागते, ते नाही. दवाखान्यातली रबरी हवेची उशी घेतली, तिला नळी जोडली. धावता धावता उच्छ्वास तीत सोडायचा. किती पावलांत फुगते ते मोजायचं. पावलं जास्त, तर हवा कमी लागते. काठीच्या घुंगरांचा ठेका दोघांना एकच, म्हणजे वेगही एकच.

९ जाने.
तलावाला तीन फेऱ्या, चौथीला उशी. गणू : तीस पावलं. हिरू : बावन्न! आनंद, लगेच शंका. विचारलं. श्वास धरून पळत होता.
"सरकारी उशी हाय, बाय. फुटली मंजे?"
आकडा रद्द. मी उशीवर बसून दाखवलं.
गणू : "तात्या, फुक आता! बाय बसली तरी फुटली नाय."
त्याला गप्प केलं. हसू कसंबसं आवरून.

१२ जाने.
गणू तीस. हिरू एकेचाळीस. दुसऱ्यांदा धाववलं, तेच.

१४ जाने.
उशीतली हवा पाण्यावर उपड्या बरण्यांत भरली होती, आत फॉस्फरस. तो उरलेला प्राणवायू खातो, तेवढं पाणी चढतं. दोन्ही बरण्यांत सारखंच चढलं, म्हणजे एका उशीमागे दोघांनी सारखाच प्राणवायू वापरला. गणूची उशी तीस पावलांत भरते, हिरूची एकेचाळीस. म्हणजे त्याच धावेला हिरूला गणूच्या पाऊणपटच प्राणवायू लागतो.
हिरूला सांगितलं. म्हणाला, "मना ठावं व्हतं. तुना आता कललं."
खरं आहे. पण मोजलं मी.

१८ जाने.
डॉ.ना कागद दाखवला.
"कशाने मोजलंत?"
"रोग्यांच्या उशीने."
"बाई, खात्याला छाती कळते. उशी कळत नाही."
कागद मात्र परत दिला नाही.
घरी येऊन सगळे आकडे पुन्हा तपासले. एकही चुकलेला नाही. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून आजवर…

२२ जाने.
डॉ.ना आज दिलेल्या चिठ्ठीची नक्कल :
"फीत माझ्या हाती होती, म्हणून मीच लिहिते. दोघांना आपल्या डोळ्यांदेखत धावू द्यावे. पावले आपण मोजावीत. मी बोलणार नाही. ३१ तारखेस हिरूची काठी जाईल. होय किंवा नाही, ते ३०च्या संध्याकाळपर्यंत कळवावे."