राणीची विजेची मोटार

११ नोव्हेंबर १९५६, रविवार
सुएझचा कालवा बंद. कारखान्यात काल दुसरं बोलणंच नव्हतं. पेट्रोल मिळणार नाही, लॉऱ्या उभ्या राहणार. शरदचंद्र स्टोअर्समध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. तो म्हणाला, आपल्याकडे मोटार नाही, आपलं काय जातंय? दूरदृष्टी नाही त्याला.
झोप नीट लागली नाही. काळजीमुळे नव्हे. दिवाळीच्या चकल्या तेलकट झाल्या होत्या.
कुमुदिनीला सातवा महिना संपत आला. तब्येत उत्तम. तिची.

१३ नोव्हेंबर
बदलापूर गावातून स्टेशनापर्यंत बैलगाडी. पुढे रेल्वे मिळाली तर मिळाली. मग अंबरनाथ, मग उल्हासनगरच्या कॅम्पातलं इस्पितळ. हा रस्ता मला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात कुमुदिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा गोमाच्या बैलगाडीतून निघालो होतो. गोमानं बैलांना बिचाऱ्यांना मारून मारून पळवलं. स्टेशन दिसत होतं. पुढचं लिहीत नाही.
संकल्प: या वेळी स्वतःचं वाहन.

१८ नोव्हेंबर, रविवार
उल्हासनगर, कॅम्प पाच. हासोमल म्हणून मिलिटरीच्या जुन्या मालाचा व्यापारी आहे. फाळणीनंतर कराचीहून आला. त्याच्याकडे जीप विचारायला गेलो. तो म्हणाला, जीप छोडो साईं, पेट्रोल कुठून आणणार? ही बघा. ताडपत्री ओढली.
विजेवर चालणारी मोटार! चारी बाजूंनी काच, आत निळी मखमल, देव्हाऱ्यासारखी उंच. कुठल्याशा संस्थानातून लिलावात आलेली. पन्नास वर्षांपूर्वी विलायतेत अशा शेकड्यांनी धावत होत्या म्हणे. हँडल मारायला नको, धूर नाही, आवाज नाही. पुढे-मागे पेट्यांत बॅटऱ्या. एका मैलाला दोन पैशांची वीज. आणि किंमत म्हणाल तर स्कूटरच्या आत.
हासोमल म्हणाला, रानी की गाडी है. राणीसाहेब स्वतः चालवायच्या, बायकांसाठीच बनवलेली, एकदम सोपी.
हे शेवटचं घरी सांगायची गरज नाही.

२० नोव्हेंबर
कुमुदिनीला सांगितलं. ती बराच वेळ गहू निवडत राहिली. मग म्हणाली, शेवटचा महिना मालिनीताईकडे जाऊन राहते, म्हणजे प्रश्नच मिटला. मालिनीताई तिची बहीण. अंबरनाथला इस्पितळापासून जवळ राहते.
मी म्हटलं, तिथे जिना आहे. जिन्यावरून माणसं पडतात.
ती म्हणाली, दहा पायऱ्या आहेत.
पडायला दहा पुष्कळ झाल्या.

२५ नोव्हेंबर, रविवार
मोटार घेतली. कॅम्पातल्या मैदानात हासोमलनं शिकवलं. स्टिअरिंगच्या जागी आडवा दांडा. दुसरा आखूड दांडा पुढे सारला की वेग. पायाखाली ब्रेक.
मी दांडा सारला. काहीच झालं नाही. आवाज नाही म्हणजे बंद आहे असं कुठलाही शिकलेला माणूस समजेल. मी हासोमलला तसं सांगत असताना लक्षात आलं की हासोमल मागे चालला आहे. वास्तविक मी पुढे चाललो होतो. पेंढ्याच्या गंजीत थांबलो. मुद्दामच. पेंढा मऊ असतो.
छाती धडधडत होती. हासोमलचा चहा फार कडक असतो.

२ डिसेंबर, रविवार
मोटार गावात आणली. हासोमलनं चालवली, मी शेजारी बसून रस्ता दाखवला. एकच सरळ रस्ता आहे.
गोमा ओट्यावर बसला होता. म्हणाला, दादा, हिला आवाज न्हाय, ही अंगावर कवा येल ते कलायचा न्हाय. अडाणी आहे. पण रात्री अंथरुणात तेच वाक्य आठवत राहिलं. दोनदा उठून बघून आलो. जागेवरच होती.

५ डिसेंबर
अडचण लहानशी. आमच्या आळीत वीज नाही.
म्हणजे चार्जिंगला मोटार कॅम्पातच न्यायची. रात्रभर तिथल्या बॅटरीच्या दुकानात ठेवायची. सकाळी पोट भरून निघाली की घरी येईपर्यंत निम्मी संपते. शरदचंद्रानं जेवणाच्या सुट्टीत विचारलं, म्हणजे तू मोटार चार्ज करायला नेण्यासाठी मोटार चार्ज करतोस? सगळं टेबल हसलं.
हसोत. निम्मी बॅटरी इस्पितळापर्यंत जायला पुरते. यायची घाई नसते.

९ डिसेंबर, रविवार
चार्जिंगवाला म्हणतो, या बॅटऱ्या मूळच्या नाहीत. लॉरीच्या जुन्या, जोडून बसवल्यात. नव्या घातल्या तर तीस-चाळीस मैल सहज. नव्यांची किंमत विचारली. मोटारीपेक्षा जास्त. त्याचं स्टूल मोकळं होतं म्हणून जरा बसलो.
पण तत्त्व बघावं. मोटार परवडते. फक्त बॅटरी परवडत नाही.
घरी सांगितलं की बॅटऱ्या मिलिटरीच्या आहेत, मजबूत आहेत. यात खोटं काहीच नाही.

१६ डिसेंबर, रविवार
सराव. कुमुदिनीच्या जागी तांदळाचं पोतं ठेवून मोरिवलीपर्यंत जाऊन आलो. समोरून म्हशी आल्या. मी डोळे मिटले. एकाग्रतेसाठी. उघडले तेव्हा म्हशी दोन्ही बाजूंनी गेल्या होत्या. जनावरांना मोटार कळते.
पोतं पडलं होतं. परत येताना सारखं त्याच्याकडे बघत होतो. घाम फुटला. डिसेंबरातही दुपारी ऊन लागतं.

२३ डिसेंबर, रविवार
कुमुदिनी म्हणाली, मीही येते, बघू तरी. नको म्हणता येईना. शेजारी बसली. मी बैलगाडीच्या वेगानं नेत होतो. मागची बैलगाडी पुढे गेली.
सरळ रस्त्यावर म्हणाली, मला द्या जरा. दिली. तिनं दांडा धरला आणि मोटार तुपातून सुरी जावी तशी गेली. दोन वळणंही घेतली. रस्ता रिकामा होता, तिचं नशीब. मी म्हटलं, पुरे. ती हसत होती. दोन वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग मी म्हटलं, बरं, त्या आंब्यापर्यंत ने.

१ जानेवारी १९५७
नव्या वर्षाचे संकल्प. एक: मोटार दर रविवारी चार्ज करणे. दोन: घाबरणाऱ्या लोकांच्या संगतीत न बसणे. तीन: बॅटऱ्यांतलं ॲसिडचं पाणी स्वतः तपासणे.
तीन उद्यापासून. झाकण उघडलं की वाफ येते. धोतराला भोक पडलं. पायाला पडलं असतं.

८ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, अजून दोन आठवडे आहेत. कुमुदिनीनं शेवटी ठरवलंच, पुढच्या बुधवारी, सोळा तारखेला, मालिनीताईकडे जायचं. मी विरोध केला नाही. मोठ्या मनानं परवानगी दिली. नंतर मोरीत जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारलं. सुटल्यासारखं वाटलं, ते गार पाण्यामुळे.

१३ जानेवारी, रविवार
आज चार्जिंगला न्यायची होती. वारा आहे. बुधवारी तर जायचंच आहे, आणि तेही रेल्वेनं. मोटारीला विश्रांती.

१४ जानेवारी, संक्रांत. सकाळी
कळा सुरू झाल्या. तिळगूळ करता करता. रेल्वे आत्ताच गेली, पुढची दीड तासानं. मी शांत आहे. सगळी तयारी आहे. अक्षर असं का येतंय कळत नाही. निघतो.

१५ जानेवारी, इस्पितळाच्या व्हरांड्यात
क्रमानं लिहितो.
कुमुदिनीला बसवलं. मी बसलो. दांडा धरला. दांडा पुढे सरेना. यांत्रिक दोष, असं मी तिला सांगितलं. तिनं हात माझ्या हातावर ठेवून ढकलून पाहिला. दांडा ठीक होता. हात सरत नव्हता. मी हाताकडे बघत होतो आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा तिथे पडला होता.
ती म्हणाली, अहो, सरका इकडे.
मी सरकलो.
तिनं मोटार काढली. कळ आली की थांबवायची. दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटायची. कळ गेली की पुढे. मला म्हणाली, तुम्ही मागचा रस्ता बघा, कोणी येतंय का सांगत राहा. मी सांगत राहिलो. कोणी येत नाही. कोणी येत नाही. अंबरनाथपर्यंत तेच सांगितलं. मागून कोण येणार होतं? मला काम हवं म्हणून तिनं ते दिलं होतं, हे अंबरनाथ गेल्यावर कळलं.
मोरिवलीजवळ मोटार मंदावली. चढावर उभी राहिली. चपला तिथेच सोडून धावत गावाकडे गेलो. काय ओरडलो ते आठवत नाही. कोंडाजी म्हणून म्हातारा शेतकरी आणि पहिल्या पाळीला निघालेली पाच-सहा माणसं आली. कोंडाजी काचेतून वाकून म्हणाला, बाई, तुमी दांडा धरून बसा, आमी हाव ना ढकलाला. कुणीही हसलं नाही. मीही ढकललं. खडे टोचत होते. काचेतून तिचा अंबाडा दिसत होता. कळ आली की अंबाडा खाली जायचा आणि सगळे आपोआप थांबायचे. वर आला की पुन्हा ढकलायचे. असे आम्ही कॅम्पात शिरलो.
इस्पितळाच्या दरवानानं विचारलं, गाडी बाजूला घ्या, ड्रायव्हर कोण? मी स्ट्रेचरकडे बोट दाखवलं.
मग तिला आत नेलं. दार लागलं. कोंडाजी माझ्याशेजारी जमिनीवर बसला. मी त्याला विजेच्या मोटारींचं भविष्य समजावून सांगत होतो. पुढच्या दहा वर्षांत घरोघरी. तो हं हं म्हणत होता. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. गेल्या वेळी बैलगाडीतही काहीच ऐकू आलं नव्हतं. माझं वाक्य अर्धंच राहिलं. कोंडाजीनं माझा हात धरला, मी काढून घेतला नाही.
मग रडणं ऐकू आलं. बारीक, पण चिडलेलं.
मुलगी. दोघी बऱ्या आहेत.

१९ जानेवारी
हासोमल मोटार पाहून गेला. विकत घेतो म्हणाला, शिशाच्या भावानं. मी म्हटलं, तिच्यात भविष्य आहे. तो म्हणाला, साईं, भविष्य है, लेकिन बॅटरी नहीं है. मी त्याला निळी मखमल काढून ठेवायला सांगितली. तेवढी कुमुदिनीला हवी आहे, दुपट्याला.
नर्सा तिला बघायला येतात. गाडी चालवत आलेली बाई हीच का म्हणून विचारतात. एकीनं मला विचारलं, तुम्ही कोण?

२७ जानेवारी, रविवार. मालिनीताईकडे
महिनाभर इथेच मुक्काम. जिना दहा पायऱ्यांचा आहे. चढलो.
मुलगी तेरा दिवसांची झाली. मी अजून तिला घेतलेलं नाही. ऑफिसचं काम वाढलंय. शिवाय बाहेरून आलेल्या माणसानं लगेच घेऊ नये, जंतू असतात.
आज मालिनीताई देवळात गेली होती. मुलगी रडायला लागली. कुमुदिनी म्हणाली, घ्या तिला जरा, मी केस विंचरते. हात धुऊन येतो म्हटलं. धुतले. पुसले. पुन्हा धुतले.
ती फणी हातात धरून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, अहो, भीती वाटते का तुम्हाला?
काही कारण सुचेना.
हो म्हटलं.
ती म्हणाली, मग बसून घ्या.
बसून घेतली.