शनिवार मोडला

अहो,

शेवंताला सातवा लागलाय. तिला घेऊन मी एसटीनं पुण्याला दवाखान्यात निघाले आहे. तुमच्या जीपमधून पिरंगुटचा घाट नको. स्टेअरिंग अर्धा वेढा फिरवावं तेव्हा कुठं चाकं वळतात. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, हे भैरू मिस्त्री दिवाळीपासून सांगतायत. तुम्ही मात्र चारचौघांत हसून म्हणता, "आमची ही शनिवार धरते, गाडीला काय होतंय!"

बारा वर्षं मी मारुतीरायाकडं तुमचा जीव मागितला, आणि तुम्ही त्याच्या भरवशावर दुरुस्ती टाळलीत. आज शनिवार. देवाची माफी मागून मी पोटभर भाकरी खाल्ली आहे. आता गाडीत बसाल ते आपल्या भरवशावर.

– शेवंताची आई