डाव्या हाताचा टाका

मी, मेल्स कैरोल्ला झांतुरिन, वय वर्षे बहात्तर, धंदा जुन्या अवजड यंत्रांची खरेदी-विक्री, राहणार शाख्तिन्स्क, रेल्वे फाटकापलीकडचे आवार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी छाती निकामी झाली आहे, डोके नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तेवढ्याने ज्याचे समाधान होणार नाही त्याने कोणतेही इंजिन माझ्या खिडकीखाली आणून सुरू करावे. ते खरे किती तास चालले आहे आणि मीटर किती मागे फिरवला आहे, हे मी पलंगावरून सांगेन.

समोर नोटरी झाउरेशबाई बसल्या आहेत. मृत्युपत्रात कोणाला काय एवढेच लिहायचे असते, असे त्यांनी वडीलधाऱ्याला म्हणतात तसे मला 'अगा' म्हणत दोनदा बजावले. "अगा, 'का' ते लिहायची गरज नसते." मी म्हणालो, "पोरी, आयुष्यभर 'का' झाकून माल विकला. शेवटचा तरी उघडा विकू दे." त्यांनी घड्याळाकडे पाहिले.

आधी साक्षीदाराचे. माझा चौकीदार बाल्ताश सत्तावीस वर्षे माझ्याकडे आहे. त्याला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार म्हणून सही करता येत नाही, असा कायदा आहे. तो ऐकून बाल्ताश म्हणाला, "अगा, म्हणूनच मला साक्षीदार केलंत ना?" होय, म्हणूनच. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रेल्वे फाटकाच्या केबिनमधला माणूस भरेल. तो पाच वाजता सुटतो.

कलम एक. राहते घर धाकटा मुलगा सायात याला. आमच्यात बापाचे घर धाकट्याला जाते, त्यात त्याचे कर्तृत्व नाही. त्याला मी धंदा शिकवला. हिवाळ्यात गिऱ्हाईक येण्याआधी इंजिनाखाली निखारे ठेवायचे म्हणजे तेल सैल होते. मग निखारे काढून वरून बर्फ चोळायचा. गिऱ्हाईक वर हात लावतो, गार लागते, किल्ली फिरवतो, यंत्र पहिल्या झटक्यात सुरू होते. खालून तेलाच्या टाकीला हात लावायचा तर बर्फात पाठीवर झोपावे लागते, आणि खिशात पैसे असलेला माणूस बर्फात झोपत नाही. गेल्या हिवाळ्यात सायातने निखारे ठेवले, काढले, आणि बर्फ चोळायला विसरला. गिऱ्हाईकाने हात लावला तो काढलाच नाही. दुसराही हात आणून शेकत उभा राहिला. "मेल्स-अगा, पोरगा गुणी आहे तुमचा. माझ्यासाठी शेगडी पेटवून ठेवलीय!" ही हकीकत आता कारागांदापर्यंत सांगितली जाते. सायातला घर पुरे.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन आणि चाळिसाव्या दिवसाचे जेवण करावे. घोडा कापावा. सायातच्या मेहुण्यांना दारापाशी बसवावे आणि वाढताना मांस सांभाळून वाढावे.

कलम तीन. वेल्डिंगचे यंत्र, काच आणि हातमोजे माझ्याबरोबर पुरता येत नाहीत, असे मुल्ला म्हणतो. ते मोडीत घालावेत. मी डावखुरा. माझ्या वेल्डिंगचा टाका इतरांपेक्षा उलट्या बाजूला झुकतो, त्यात डाव्या हाताची करंगळी नसल्याने दर चार बोटांच्या अंतरावर हात टेकतो आणि तिथे टाका जाड होतो. या जिल्ह्यात असा टाका दुसऱ्या कोणाचा नाही. हे पुढे उपयोगी पडेल म्हणून लिहिले.

<s>पितळी डोक्याची छोटी हातोडी माझी नात अकबोपे, वय बारा, हिला.</s> (खोडले. कारण शेवटी. सही: मेल्स.)

ही हातोडी म्हणजे माझा अर्धा धंदा. लिलावाआधी यंत्रे पाहायला सोडतात तेव्हा मी रंग पाहत नाही, मीटर पाहत नाही. बूमवर, म्हणजे पोकलेनच्या त्या लांब लोखंडी हातावर, बुडापासून टोकापर्यंत हातोडी वाजवत जातो. धड लोखंड गाते. तडा बुजवून वर पुट्टी आणि रंग मारलेला असेल तिथे आवाज बसतो.

कलम चार. रेल्वेच्या फाट्यासह आवार आणि त्यात उभी असलेली नऊ यंत्रे ____________ यांना.

ही जागा मी रिकामी सोडली आहे. कारण लिहितो.

माझा थोरला मुलगा एर्मुखान. तो तिशीत मला म्हणाला, "अके, मला तुमच्यासारखं विकता येत नाही. मी खोदून खाईन." म्हणजे मी काय करून खातो, ते त्याने न बोलता सांगितले. बायको उलबोसिन आणि पाळण्यातली अकबोपे यांना आवारातल्या मागच्या खोलीत ठेवून तो खडीच्या खाणींवर कामे घेऊ लागला. तो पाळणा मीच लोखंडी नळ्यांचा केला होता. बायका हसल्या की हा पाळणा नाही, क्रेन आहे.

त्या वर्षी एका दगडाच्या खाणीतून मी एक पोकलेन मातीमोलाने उचलले. बूमच्या बुडाशी वीतभर तडा होता. मी स्वतः वेल्डिंग केले, वर पुट्टी भरली, पिवळा रंग मारला. माझ्या नावावर ते उभे केले असते तर लोक हातोड्या घेऊन आले असते. म्हणून ऑक्टोबरमध्ये एका बंद पडलेल्या खाणीच्या सामानाचा लिलाव होता, त्यात ते गेन्रिख लाउएर या दलालाच्या नावाने घुसवले. गेन्रिख आता जर्मनीत आहे. त्याला माझ्याकडून काही नाही, फक्त हे कलम टपालाने पाठवावे.

लिलावाच्या आदल्या दिवशी एर्मुखान माझ्याकडे आला.

"अके, उद्याचा दिवस हातोडी द्या."

"ज्याला माझा धंदा नको त्याला माझी हातोडी कशाला?"

"चौदा नंबरचं पोकलेन बघायचंय."

चौदा नंबर माझे होते. मी म्हणालो, "मग बघ की. डोळे दिलेत ना?"

त्याने पान्याने ठोकून पाहिले. पान्याने सगळेच लोखंड एकसारखे वाजते. बोली लागली तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होतो. शेवटी तो आणि तेमिरताऊचा एक जण उरले. हात वर करण्याआधी एर्मुखानने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी नुसती नकारार्थी मान हलवली असती तरी त्याने हात वर केला नसता. मी टोपी नीट केली. त्याने हात वर केला.

मला वाटले होते, काम अडेल, नाक घासत परत येईल. सात महिने ते यंत्र चालले. मे महिन्यात तो बकेटचे दात बघायला खाली उतरला आणि बूम बुडापासून तुटली. त्याला बाहेर काढायला दुसरे पोकलेन आणावे लागले. तेही मीच विकलेले होते.

तुटलेली बूम भंगार म्हणून माझ्याच आवारात आली. ती मला तिथे नको होती, पण नको म्हटले असते तर कोणीतरी का विचारले असते. पहिला बर्फ पडायच्या आधी एका सकाळी मी खिडकीतून पाहिले, उलबोसिन सुरीने बूमवरचा रंग खरवडत होती. पुट्टी निघाली. खालचा टाका उघडा पडला, उलट्या बाजूला झुकलेला, दर चार बोटांवर जाड. तिने त्यावरून बोट फिरवले. मग खोलीत गेली आणि पाळणा दाराशी उजेडात ओढून आणला. त्याच्या सांध्यांवरून तसेच बोट फिरवले. मुलगी त्यातच झोपलेली होती.

त्या दिवशी चहाला माझा प्याला तिने काठोकाठ भरला.

नोटरीबाई शहरात वाढल्या आहेत आणि यंत्रातला चहा पितात, म्हणून लिहून ठेवतो. ज्याने बसावे असे वाटते त्याचा प्याला आमच्या सुना अर्धाच भरतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा पुढे करता येतो. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे प्या आणि उठा. सासऱ्यापुढे भरलेला प्याला ठेवणारी सून मी दुसरी पाहिलेली नाही. अकरा वर्षे, दिवसातून तीनदा. एकदा कारागांदाचा एक जुना व्यापारी जेवायला होता. त्याने माझा प्याला पाहिला, स्वतःचा अर्धा प्याला पाहिला आणि हसला. "मेल्स, तुझ्या सुनेला तुझी फार घाई झालेली दिसते!" मी म्हणालो, "तिचा हात सैल आहे." ती त्याच्यासमोरच म्हणाली, "नाही अके, माझा हात सैल नाही." व्यापारी पुन्हा आला नाही.

मी तिला हाकलले नाही. ती गेली नाही. तिला मुलीच्या शाळेसाठी खोली हवी होती आणि मला, खरे सांगायचे तर, चहा तिच्याच हातचा लागत होता.

आता माझा सौदा. साडेचारला चहा येईल. नोटरीबाई वरचा सगळा मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवतील. मग तिने माझा प्याला भरावा. अर्धा भरला तर रिकाम्या जागेत तिचे नाव. काठोकाठ भरला तर सायातचे, आणि सायात तिला महिन्याभरात खोलीबाहेर काढेल हे तिला माहीत आहे.

नोटरीबाई म्हणाल्या, "अशी अट कायद्यात बसत नाही."

"कायद्यात कुठे, प्याल्यात बसते. तुम्ही फक्त वाचा."

पुढचा मजकूर चहानंतरचा आहे. जे झाले ते तसेच लिहितो.

उलबोसिन किटली घेऊन आली. नोटरीबाई वाचत होत्या तेव्हा ती उभीच होती. टोपीची ओळ आली तेव्हा तिने किटली खाली ठेवली. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "टोपी नीट केली, एवढंच?"

"एवढंच."

"रंग निघाला त्या दिवसापासून मी वाट पाहिली, अके. भरलेला प्याला समोर आला की निर्दोष माणूस विचारतो, काय गं, माझं काय चुकलं? तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मुकाट प्यायलात. तेव्हाच मला कळलं, तुम्हाला माहीत होतं यंत्र कोण घेतंय."

मी म्हणालो, "आवार मोठं आहे. मुलगी मोठी होतेय. हात आखडता घे, एवढंच करायचंय."

तिने नोटरीबाईंचा प्याला अर्धा भरला. बाल्ताशचा अर्धा भरला. माझा इतका भरला की बशीत सांडला.

मग नोटरीबाईंना तिने विचारले, "साक्षीदार किती लागतात?"

"दोन. एक बाल्ताश आहेत. दुसरे यायचेत."

"दुसरी मी."

"बाई, सही केलीत तर तुम्हाला यातून काही मिळणार नाही. कधीच नाही."

"म्हणूनच करते. मला काही मिळालं असतं तर लोक म्हणाले असते, सुनेने म्हाताऱ्याकडून लिहून घेतलं. आता हे खरं ठरेल."

नोटरीबाईंनी कागद उलटून पाहिला. "तुमच्या मुलीच्या नावावर हातोडी आहे. तीही चालणार नाही. मुलीला काही मिळत असेल तर आईची सही धरत नाहीत."

"मग खोडा."

मी खोडले. चाळीस वर्षे माणसांचे भाव पाडले, असा सौदा माझ्यावर कोणी उलटवला नव्हता. मी विचारले, "आणि राहणार कुठे?"

"बहिणीकडे. खाणीच्या कॅन्टीनमध्ये हाताला काम आहे. अके, तुम्ही माझ्या राहण्याची काळजी करू नका, बरं दिसत नाही." दाराशी जाऊन ती पुन्हा वळली. "आवार कुणाला द्यायचं ते द्या. पण विकलं जाईल तेव्हा तडे दाखवून विकलं जाऊ दे. एवढं एक लिहा, म्हणजे मी सही करते."

म्हणून कलम चारमधल्या रिकाम्या जागेत सायातचे नाव धरावे, असे इथे लिहितो आणि पुढचे कलम जोडतो.

कलम पाच. आवार आणि नऊ यंत्रे सायातने माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत जाहीर लिलावात विकावीत. त्याआधी प्रत्येक यंत्राच्या अंगावर, मी जिथे जे झाकले आहे तिथे ते पांढऱ्या रंगाने, हाताएवढ्या अक्षरांत लिहावे. यादी सोबत आहे, सात पाने. सायातने यातली एक ओळ गाळली तर सगळी रक्कम खाणीत मेलेल्यांच्या बायकांच्या मंडळाला जावी. सायात ओरडेल की असा माल कोणी घेणार नाही. घेतील. भाव पडेल. भाऊ मेला तेव्हा त्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती, म्हणून ही अट काढण्याचे मला कारण दिसत नाही.

हातोडी मृत्युपत्रातून वगळली. ती मी जिवंतपणीच, आज, नोटरीबाईंच्या देखत उशीखालून काढून अकबोपेसाठी पुढे केली. उलबोसिनने ती लगेच घेतली नाही. मग घेतली, हातात तोलून पाहिली आणि म्हणाली, "त्याला एका दिवसासाठी हवी होती."

हे मी लिहिले, वाचले, आणि ते माझेच आहे. माझा प्याला थंड झाला होता. तो मी पूर्ण प्यायलो.

शाख्तिन्स्क, ८ फेब्रुवारी २०२४.

सही: मेल्स कैरोल्ला झांतुरिन (डाव्या हाताने)

साक्षीदार १: बाल्ताश इमानकुल, चौकीदार. यातून मला काही मिळत नाही, हे समजले.

साक्षीदार २: उलबोसिन झांतुरिना, मयत एर्मुखान याची पत्नी. हे त्यांनी माझ्यासमोर, शुद्धीवर असताना कबूल केले. टाका मी ओळखते.