बाभळीवरचा लाल टॉवेल

६ एप्रिल

पाच महिने तुझ्याकडे फिरकलो नाही. माफ कर. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही — टाळलं.

गावातला मासेमार हेमसिंग मला तलावात भाल्याने मासे मारायला शिकवतोय. पाय झाडायचे नाहीत, बुडबुडा सोडायचा नाही. गाळ हलला की मरळ गेली! वाहत आलेल्या फांदीसारखं जायचं. मला जमत नाही. "सर, तुमी पाण्यातबी विचार करून राह्यले. मासोळीले आयकू येते ना!"

१९ एप्रिल

एक मरळ मारली. आनंद झाला, मग लाज वाटली. मग जेवलो.

उतरण्याआधी हेमसिंग लाल टॉवेल काठच्या बाभळीला बांधतो — खाली माणूस आहे, ही खूण. आज म्हटलं, उद्यापासून नको. तलावाच्या ठेकेदाराच्या राखणदाराला दिसेल, मी शिकवतो त्या कॉलेजात बोभाटा होईल. "चोरी करा लागते, अन् चोर म्हनून घ्याले लाजता!" हसला. कबूल झाला, टॉवेल माझ्याकडे दिला.

२० एप्रिल

हेमसिंग गेला.

२१ एप्रिल

लिहायलाच हवं. पाण्यातला चष्मा पुसायला मी पलीकडच्या काठावर चढलो होतो. तो खाली. पाण्यावर एक लहर नाही — इतका अलगद जायचा! एकदम मासे पोट वर करून तरंगू लागले. समोर राजू, माझा धाकटा भाऊ. पंपाच्या पेटीतून तार आणून पाण्यात करंट सोडलेला. मी ओरडलो. त्याने तार ओढली. उशीर झाला होता.

"दादा, मी आधी झाडाकडंच पायलं! टॉवेल कुठी होता?"

माझ्या पिशवीत.

पोलीस पाटलांनी विचारलं, "बुडाला ना?" मी मान हलवली. सांजेला अग्नी दिला. तोंडाने खोटं बोललो नाही, असं दिवसभर स्वतःला सांगतोय. शी!

२३ एप्रिल

मोतीबाई, हेमसिंगची बायको, दारात आली. बसली नाही.

"सर, त्याईले आंघोळ मी घातली. भाला धरते त्या हाताचा तळवा जळला होता. पाण्यात मानूस जळते काय? तुमी शिकलेले, सांगा."

जाताना वळली. "अन् टॉवेल? झाडाले नोता."

२४ एप्रिल

राजूला सांगितलं, पोलिसांकडे जाऊन खरं बोलायचं. "भाऊ हाय का बैरी? मले आत टाकतं?" म्हटलं, दोघंही जाऊ.

उद्या: टॉवेल घेऊन आधी मोतीबाईकडे.