दादाच्या चार ओळी

१४ मार्च

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. हिचा गुडघा आता कमी दुखतो. जिना मात्र अजून माझ्यावर ओरडतच चढते. चिमी परीक्षेतून सुटली एकदाची. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका. नजर स्थिरावली की तुम्हीच वाचा.

गुरुवारी ऑफिसात बैठक झाली. आमची ऑपरेटिंग सिस्टिम, दादा ज्याचं काम बघायचा त्या जुन्या प्रोसेसरवर चालती ठेवायची, की त्याच्यासाठीचा भाग काढून टाकायचा? तसली मशिनं वापरणारी आमच्या माहितीत अकरा माणसं उरलीत, आणि त्यांच्यापायी दर नव्या बदलाला खीळ बसते. टीममधली नवी मुलगी म्हणाली, "त्या मशिनवर तपासून देणारं एक तरी माणूस हवं ना, सर? तुमचे दादा गेल्यापासून कुणीच नाही." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "काढा."

निर्णय बरोबरच होता.

काढायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी त्या भागासाठी आलेल्या, पाहायच्या राहिलेल्या दुरुस्त्या निपटाव्या लागतात. एकच होती. दादाची. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून मेलने पाठवलेली.

वहिनी, तेव्हा तुम्ही फोनवर विचारलं होतंत, "भावजी, यांचा मेल मिळाला का? रोज विचारतात, धाकट्याचं उत्तर आलं का म्हणून." मी म्हटलं, मिळालाच नाही.

मिळाला होता. नाव बघून उघडला नाही. त्याच्या आदल्या महिन्यात, मशीन मध्येच बंद पडतं म्हणून, भर बैठकीत मी त्याच्या कामाला भंगार म्हटलं होतं. तो उठून गेला होता. मला वाटलं, भांडण लिहिलं असेल, बघू सवडीने. मग तो गेला, आणि उघडायचा धीरच झाला नाही.

शनिवारी उघडला. "धाकट्या, तू म्हणालास ते खरं. चूक माझीच होती, सापडली. चार ओळी आहेत. तपासून घे." एवढंच.

प्रोग्रॅमच्या त्या ओळी शेवटच्या आवृत्तीत त्याच्या नावाने घातल्या आणि अकरा जणांना पाठवल्या. एकाने कळवलं, आता मशीन बंद पडत नाही. मग तो सगळा भाग मी काढून टाकला.

तेव्हाच मेल उघडला असता, तरी गुरुवारी हेच ठरलं असतं. पण त्याला उत्तर गेलं असतं.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, हे ठाऊक आहे.

तुमच्याशी खोटं बोललेला,
धाकटा